विश्लेषण : फोटो एडिटिंग शिकायचे, पण कुणाकडून? फुकटचे धडे कोणते खरे, कोणते वेळखाऊ?

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात, त्या आळेफाट्यावर लग्नसराईत आणि यात्रांच्या दिवसांत फ्लेक्सना तोटा नसतो. वाढदिवस, साखरपुडा, बैलगाडा शर्यत, नव्याने निवडून आलेले सदस्य, सगळ्यांचे हसरे चेहरे रस्त्याकडेला लागतात. हे काम शिकून गावातच चार पैसे मिळवावेत, असे वाटणाऱ्या आळे परिसरातील मुलामुलींची अडचण मात्र वेगळीच असते. यूट्यूबवर धड्यांचा महापूर आहे. त्यातले पाहायचे कोणते?

सॉफ्टवेअर आधी की धडे आधी?

आधी सॉफ्टवेअर ठरवावे, आणि ते फुकटचे असले तरी बिघडत नाही. अडोबी कंपनीचे फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले. आता ते मासिक किंवा वार्षिक भाड्यानेच मिळते. त्यामुळे अनेक जण ‘क्रॅक’ केलेली प्रत पेनड्राइव्हवरून घेतात. त्यातून संगणकात व्हायरस शिरतो ही एक गोष्ट. दुसरी अशी, की कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार, चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंदा करणाऱ्याने हा धोका पत्करण्याचे कारण नाही.

पर्याय दोन. ‘गिंप’ हे पूर्ण मोफत सॉफ्टवेअर १९९५ मध्ये अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केले. त्याची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. दुसरे ‘फोटोपी’. ते ब्राउझरमध्येच उघडते, रचना बरीचशी फोटोशॉपसारखी आहे आणि फोटोशॉपच्या पीएसडी फायलीही त्यात उघडतात. संगणकच नसेल तर मोबाइलवर गूगलचे ‘स्नॅपसीड’ घ्यावे. त्यात फ्लेक्स बनणार नाही, पण उजेड आणि रंग म्हणजे काय हे हाताला कळते.

मराठीतून शिकता येते का?

येते, आणि तेही एका आयआयटीकडून. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात गिंपची मालिका आहे आणि तिचे धडे मराठीतही भाषांतरित झाले आहेत. मूळ धडे जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातील रोल्फ स्टाइनॉर्ट यांचे. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा, अर्ध्या भागात सॉफ्टवेअर, आणि धड्यात जे केले ते लगेच आपण करायचे, अशी या प्रकल्पाची पद्धत आहे. व्हिडिओ उतरवून घेता येतात, त्यामुळे रेंज गेली तरी अडत नाही.

एक त्रुटी मोठी आहे. हे धडे गिंपच्या जुन्या आवृत्तीवरचे आहेत. आजची खिडकी वेगळी दिसते, मेन्यूच्या जागा बदलल्या आहेत. नवख्याचा इथेच गोंधळ उडतो. म्हणून कल्पना या धड्यांतून घ्याव्यात आणि बटण कुठे गेले हे गिंपच्या अधिकृत संकेतस्थळावरील मार्गदर्शिकेत पाहावे. इंग्रजी झेपत असेल तर उन्मेष दिंडा या भारतीय शिक्षकाची ‘पिक्सिंपरफेक्ट’ ही यूट्यूब वाहिनी फोटोशॉपसाठी उत्तम. हे बटण का दाबायचे, ते दिंडा समजावून सांगतात, आणि चांगल्या धड्याची खूण तीच. ‘पाच मिनिटांत जबरदस्त बॅनर’ छापाच्या व्हिडिओत तयार साच्यात फोटो चिकटवायला शिकवतात. साचा बदलला की हात थांबतो.

काय शिकल्याशिवाय पुढे जाऊ नये?

लेअर आणि मास्क. चेहरा कापून दुसऱ्या पार्श्वभूमीवर बसवताना रबराने केस पुसून टाकले की ते परत येत नाहीत. मास्क वापरला तर फक्त झाकले जातात, हवे तेव्हा पुन्हा उघडता येतात. बाकीची हत्यारे हळूहळू येतात, हे दोन मात्र पहिल्याच महिन्यात हवेत. कुठल्याही धड्यांच्या मालिकेत मास्क आहे का, हे आधी पाहून घ्यावे. पैसे भरून क्लास लावणाऱ्यानेही हाच प्रश्न विचारावा.

मराठी अक्षरे का तुटतात?

लग्नाच्या फ्लेक्सवर पहिलाच शब्द ‘चि.’ असतो आणि फोटोशॉपमध्ये नेमकी त्याचीच वेलांटी ‘च’च्या मागे जाऊन बसते. परदेशी धड्यांत याचे उत्तर सापडत नाही, कारण त्यांना हा प्रश्नच पडत नाही. उपाय सेटिंगमध्ये आहे : प्रेफरन्सेसमधील ‘टाइप’ विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावे (जुन्या आवृत्तीत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’), नवी फाइल उघडावी आणि मजकूर पुन्हा टाइप करावा. गिंपमध्ये युनिकोड मराठी जोडाक्षरे आपोआप नीट जुळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचे मुक्ता, बलू आणि मोदक हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात आणि धंद्यासाठीही वापरता येतात.

छापताना फाटते ते कुठे?

मोजमापात. पाच बाय सात इंचाच्या पत्रिकेला इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे १५०० बाय २१०० पिक्सेल हवेत. दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स लांबून पाहायचा असल्याने इंचाला ७२ पिक्सेल पुरतात. तरीही फाइल ८,६४० बाय ६,९१२ पिक्सेलची होते. नवरदेवाचा फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने आला असेल तर तो आधीच आकसलेला असतो आणि मोठा करताच चेहरा धूसर होतो. असा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवून घ्यावा.