नर्सबाई असे प्रश्न का विचारतात?

जीपीच्या सर्जरीत नर्सने "गेल्या ३ महिन्यांत किती जोडीदार?" असं विचारलं, की आपल्यापैकी अनेकांना घाम फुटतो. काहींना तर तो अपमानच वाटतो. कोजागिरीच्या कार्यक्रमात यावर बरीच चर्चा झाली, म्हणून हा लेखनप्रपंच. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण माझी पत्नी इथे इंग्लंडमध्ये प्रॅक्टिस नर्स आहे आणि तिच्या प्रशिक्षणाच्या सरावासाठी घरी पेशंट मीच होतो!

पहिली गोष्ट, हे प्रश्न तुमच्याकडे बघून सुचलेले नसतात. या विषयातल्या तज्ज्ञांची 'बॅश' ही ब्रिटिश संस्था नर्स आणि जीपींसाठी 'स्टिफ' हा पायाभूत अभ्यासक्रम चालवते. अशा प्रशिक्षणात शिकवतात, की आधी कारण सांगा, परवानगी घ्या, आणि माणूस विवाहित आहे म्हणून काहीही गृहीत धरू नका. आमच्या धंद्यातही तेच. 'इथे चूक असणारच नाही' म्हणून प्रोग्रॅमची एखादी टेस्ट गाळली, की नेमकं तिथेच घोडं अडतं.

तारखा विचारण्यालाही कारण आहे. संसर्ग झाल्याबरोबर चाचणी केली तर तो सापडत नाही. क्लॅमिडियासाठी साधारण २ आठवडे, तर प्रयोगशाळेतल्या एचआयव्ही चाचणीसाठी ४५ दिवस जावे लागतात. क्लॅमिडियाची पुष्कळदा लक्षणंच नसतात. उपचार राहिले तर पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते.

भगिनींसाठी महत्त्वाचं. २५ ते ६४ वयात गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीचं बोलावणं येतं. नमुना घेणाऱ्या नर्सला खास प्रशिक्षण आणि दर ३ वर्षांनी उजळणी सक्तीची असते. लाजेपायी ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकू नका. नमुन्यात एचपीव्ही विषाणू सापडला, तर घरात संशयाला जागा देऊ नका. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. तो आत्ता सापडला म्हणजे कोणी आत्ता प्रतारणा केली, असा अर्थ होत नाही.

पुरुषांनीही ऐकावं. मधुमेहाच्या वार्षिक तपासणीत ताठरतेच्या तक्रारीबद्दल विचारतात, कारण ती रक्तवाहिन्यांच्या, कधीकधी हृदयाच्या विकाराची आगाऊ सूचना असते. "सगळं ठीक आहे" म्हणून विषय टाळलात, तर नुकसान तुमचंच.

आता थोडं व्यवहाराचं:

१. बायकोच्या वतीने नवऱ्याने किंवा सासूबाईंनी उत्तरं देऊ नयेत. नर्सशी एकटीने बोलण्याचा तिला हक्क आहे.

२. भाषेची अडचण असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषा मागा. त्याचे पैसे पडत नाहीत. आई-वडिलांसाठी मुलांना दुभाषा करू नका.

३. तपासणी स्त्री नर्सनेच करावी किंवा सोबत आणखी कोणी असावं असं वाटत असेल, तर तसं निःसंकोच सांगा.

४. सर्जरीत ओळखीचं कोणी भेटेल अशी भीती असेल, तर एनएचएसच्या लैंगिक आरोग्य क्लिनिकमध्ये थेट जाता येतं. या देशात असे उपचार मोफत आणि गुप्त ठेवण्याचा पायंडा १९१६ च्या नियमांपासूनचा आहे.

एखादा प्रश्न खटकलाच तर "हे का विचारता?" असं सरळ विचारा. कारण सांगणं हा नर्सच्या कामाचाच भाग आहे. मात्र उत्तर खरं द्या. चुकीच्या माहितीवर तपासणीही चुकीचीच होणार.