नाथसागरकाठचा शंकर

जायकवाडीच्या पक्षिवैभवाचा विषय निघाला की रोहित पक्ष्यांचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्याच जलाशयाच्या काठी, पाणकणीस आणि लव्हाळ्याच्या दाटीत, चिमणीएवढा एक पाहुणा दर हिवाळ्यात मुक्कामाला असतो. त्याची दखल फारशी कोणी घेत नाही. मराठीत त्याला शंकर म्हणतात.

हे नाव यथार्थ आहे. नराचा कंठ झळाळता निळा. त्या निळाईच्या मधोमध तांबूस ठिपका आणि खाली काळे, पांढरे व तांबूस पट्टे. भुवई पांढुरकी, पाठ मातकट. मादीच्या फिक्या गळ्यावर काळसर ठिपक्यांची माळ असते. उत्तर भारतात ज्याला नीलकंठ म्हणून दसऱ्याला वंदन करतात, तो नीलपंख मात्र निराळा. त्याचे पंख निळे, कंठ नव्हे.

शंकराचा बहुतेक वेळ जमिनीवर जातो. ओलसर मातीवर चार पावले धावावे, थबकून शेपटी उंचवावी, किडा टिपावा, हा त्याचा क्रम. चाहूल लागताच तो गवतात शिरतो. त्या क्षणी शेपटीच्या बुडाचा विटकरी रंग तेवढा डोळ्यांत भरतो. उत्तर युरोप, सैबेरिया, मध्य आशिया आणि आपल्याकडे लडाख ही त्याची वीण होण्याची स्थाने. तेथे नर इतर पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करीत गातो. येथे सप्टेंबर ते एप्रिल या मुक्कामात बहुधा ‘चक् चक्’ एवढेच ऐकू येते.

आता त्याच्या निवाऱ्याचा विचार करू. गोदावरीवरील हे धरण 1976 साली राष्ट्रास अर्पण झाले आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील शेवगाव व नेवासे तालुक्यांपर्यंत पाणी पसरले. 1986 साली जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. जलाशय उथळ असल्याने पाणी ओसरू लागताच विस्तीर्ण गाळपेर जमीन उघडी पडते. शेतकऱ्याला तेथे पीक दिसते. शंकराला कीटक आणि आडोसा. पाणकणसाचे बेट तोडले वा जाळले, की पक्ष्याच्या दृष्टीने घरच गेले. पिकावर फवारलेले कीटकनाशक त्याचे अन्नही हिरावून घेते.

हा तंटा केवळ पक्षी विरुद्ध पीक असा मांडणे अन्यायाचे होईल. या धरणासाठी अनेक गावे पाण्याखाली गेली. ज्यांची जमीन बुडाली, त्यांच्या वारसांना गाळपेरीचा मोह पडला, तर त्यांना अपराधी ठरविण्याचा अधिकार शहरातील पक्षिप्रेमींना नाही. खरा दोष हिशेबाच्या पद्धतीत आहे. ज्या वस्तूला बाजारभाव नाही, ती निरुपयोगी, हे आपण गृहीत धरतो. म्हणून पाणथळ गवताची नोंद ‘पडीक’ या एका शब्दात संपते.

काठालगतचा गवताचा एक अरुंद पट्टा न नांगरता, न जाळता राखणे अशक्य नाही. मात्र त्यापायी बुडणाऱ्या उत्पन्नाची भरपाई शासनाने केली पाहिजे. पाण्याचा लाभ दूरवरची शेते, कारखाने आणि शहरे घेतात. काठ राखण्याचा खर्च तेवढा काठच्या माणसाने सोसावा, हे कोणत्याच अर्थशास्त्रात बसत नाही.