किती मिनिटं? त्याआधी, कोणासोबत?

नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मिडलेचं सुवर्ण जिंकलं. गट एस११, म्हणजे जवळपास काहीच न दिसणाऱ्यांचा. भिंत जवळ आली की काठावरचा टॅपर लांब काठीने पोहणाऱ्याला हलकी थाप देतो. म्हणजे दुसरा माणूस लागतोच.

आता अंध सहभागींसाठीची तुमची प्रश्नावली बघा. 'आठवड्यात किती मिनिटं व्यायाम?' आणि पुढे मनःस्वास्थ्याचे गुण. दोन्हींत सहसंबंध दिसला, तरी 'व्यायामाने बरं वाटतं' असं लगेच लिहू नका. सोबत असली की तलाव गाठणं सोपं जातं, आणि नुसत्या सोबतीनेही माणूस खुलतो. हाच तुमचा कन्फाउंडर. 'कोणासोबत?' हे मोजलंच नसेल, तर विश्लेषणात तो वेगळा काढणार कसा? (आणि फॉर्म घरचंच कोणी वाचून दाखवत असेल, तर सोबतीबद्दलची उत्तरं जरा जपूनच घ्या!)