पत्त्यातला तालुका

वज्रेश्वरीचे दर्शन आटोपून अकलोलीच्या कुंडांकडे निघाले की गंधकाचा ओळखीचा वास नाकाशी येतो आणि त्याच सुमारास लॉजच्या पाट्या दिसू लागतात. 'गरम पाण्याची सोय', 'घरगुती जेवण', 'फॅमिली रूम'. मागच्या खेपेला अशाच एका पाटीसमोर शिडीवर चढलेला पेंटर दिसला. खाली हातात कागद धरून लॉजचे मालक उभे होते. कागदावर लॉजच्या वेबसाइटचा पत्ता होता आणि तो काही केल्या पाटीत मावत नव्हता.

"शेठ, मधलं ते 'डॉट को' गाळतो. नुसतं 'डॉट इन' ठेवू. बरोबर बसेल," पेंटर म्हणाला.

"गाळू नको रे बाबा," मालक घाईघाईने म्हणाले, "ते गाळलं की पाटी दुसऱ्याची होते!"

चहा घेता घेता उलगडा झाला. मालकांचा पत्ता 'डॉट को डॉट इन'वाला. 'को' नसलेला तोच पत्ता भलत्याच कुणीतरी घेतला, तिथे याच लॉजचे फोटो लावले आणि खोल्यांचे आगाऊ पैसे घ्यायला सुरुवात केली. सुट्टीत एक कुटुंब म्हाताऱ्या आईला घेऊन दारात उभे राहिले. पैसे भरलेले, पण इथल्या वहीत नाव नाही. मालकांनी एक खोली कशीबशी रिकामी करून दिली. "आजींच्या गुडघ्यांसाठी आले होते हो. परत कसं पाठवणार?" एवढेच ते म्हणाले.

दोन अक्षरांचा हा 'को' आहे तरी काय, आणि तो गाळण्याची सोय कुणी केली?

मुक्काम, तालुका, जिल्हा

आपण पत्ता लिहितो तो असा : मु. अकलोली, ता. भिवंडी, जि. ठाणे. आधी लहान, मग मोठे. इंटरनेटवरचा पत्ताही याच क्रमाने लिहितात. आधी आपले नाव, मग 'को', मग 'इन'. 'इन' म्हणजे भारत. देशांची ही दोन-दोन अक्षरे आंतरराष्ट्रीय यादीतून घेतलेली आहेत. 'को' म्हणजे कंपनी, अर्थात पत्त्यातला तालुका. संगणक मात्र टपाल खात्यातल्या माणसासारखा पत्ता शेवटाकडून वाचतो. आधी देश पाहतो, मग तालुका आणि सरतेशेवटी घर.

अमेरिकेने तर आपल्या 'डॉट यूएस'मध्ये सुरुवातीला खरोखरच गावाचे आणि राज्याचे नाव घालण्याची पद्धत ठेवली होती. पत्ते इतके लांबलचक होत की लोक तिकडे फिरकेनात. शेवटी २००२ साली गाव आणि राज्य गाळून नुसत्या 'डॉट यूएस'ची परवानगी मिळाली.

आपला 'डॉट इन' १९८९ सालचा. त्याचे काम बरीच वर्षे मुंबईत, जुहूच्या 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' या सरकारी संस्थेकडे होते. नाव थेट 'डॉट इन'खाली मिळत नसे. तुम्ही कोण ते आधी सांगायचे, मग तुमचा तालुका ठरायचा. कंपनीला 'को', संस्थेला 'ऑर्ग', शिक्षणसंस्थेला 'एसी', सरकारला 'गव्ह'. ही शिस्त चांगलीच, पण कडक. १९९२ ते २००४ या बारा वर्षांत उणीपुरी सात हजार नावे नोंदली गेली. एवढा मोठा देश, आणि नावे एखाद्या गावच्या मतदारयादीइतकी! आपले व्यापारी सरळ 'डॉट कॉम' घेऊन मोकळे होत.

तालुका गाळला

मग २००५ साली दार उघडले. कारभार २००३ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया' म्हणजे 'निक्सी'कडे आला आणि थेट 'डॉट इन' मिळू लागले. जानेवारीत नोंदणीकृत व्यापारचिन्हे असलेल्यांना पहिली संधी देण्यात आली आणि १६ फेब्रुवारीपासून जो आधी येईल त्याला नाव, असा खुला बाजार सुरू झाला. २०१० पर्यंत नोंदणी सहा लाखांवर गेली. सोय झाली, यात शंका नाही.

पण याच प्रश्नावर पुढे इंग्लंडमध्ये चांगलीच खडाजंगी झाली. तिथे 'डॉट को डॉट यूके' लोकांच्या अंगवळणी पडले होते. २०१२ साली नुसत्या 'डॉट यूके'चा प्रस्ताव येताच छोट्या दुकानदारांनी तक्रार केली, की आम्ही वर्षानुवर्षे ज्या नावावर धंदा केला, त्याचेच आखूड रूप आता दुसरा घेणार. म्हणजे नाव राखायला दोनदा पैसे भरा आणि गाड्यांवरच्या, दुकानांवरच्या पाट्या पुन्हा रंगवा! प्रस्ताव बाजूला ठेवावा लागला. १० जून २०१४ रोजी तो अमलात आला तो एक तोडगा काढूनच : जुन्या नावाच्या मालकासाठी त्याचे आखूड नाव पाच वर्षे राखून ठेवायचे. २०१९ च्या जूनमध्ये ही मुदत संपली. न्यूझीलंडने २०१४ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये आपापली आखूड नावे खुली केली.

म्हणजे अकलोलीच्या मालकांचे दुखणे एकट्या त्यांचे नाही. व्यापारचिन्ह नोंदवलेल्या मोठ्या कंपनीला २००५ मध्ये पहिली संधी होती. चार खोल्यांच्या लॉजवाल्याकडे व्यापारचिन्ह कुठले? त्याचे चिन्ह म्हणजे रस्त्याकडेची पाटी. नावाच्या तंट्यांसाठी निक्सीने लवादाची सोय केलेली आहे, हे खरे. पण हंगामात गिऱ्हाईक सोडून लवादापुढे जाणे लहान माणसाला परवडत नाही.

तालुका परत आला

या कथेला अलीकडे एक वळण मिळाले आहे. बँकांच्या नावाने निघणाऱ्या खोट्या वेबसाइटींनी अनेकांची आयुष्यभराची पुंजी गेली. तेव्हा ७ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर केले, की बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' असा खास पत्ता राहील. त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. नावे देण्याचे काम रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेल्या हैदराबादच्या संस्थेकडे सोपवले. इथे बँकेखेरीज कुणाला प्रवेश नाही. वीस वर्षांपूर्वी गाळलेला तालुका बँकांसाठी परत आणावा लागला!

यात समजून घेण्याजोगी मेख आहे. 'को' हाही तालुकाच, पण २००५ पासून तो कुणालाही मिळतो. वेशीवर पाटी आहे, पण पाहारेकरी नाही. 'गव्ह' आणि 'बँक' या वेशींवर पाहारा आहे. म्हणून पत्ता आखूड की लांब हा वाद दुय्यम. मधल्या शब्दामागे कुणी चौकशी करून 'हा आमचा माणूस' असे सांगितले आहे का, हे महत्त्वाचे.

घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः पेन्शनचे पैसे मोबाइलवर पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, एक सवय लावून घ्यावी. पत्ता शेवटाकडून वाचावा. बँकेच्या नावानंतर टिंब, मग 'बँक', मग टिंब, मग 'इन' आणि तिथे नाव संपले, तर तो पत्ता पाहाऱ्यातला. टिंबाच्या जागी आडवी रेघ असेल, म्हणजे 'अमुक-बँक डॉट इन', तर ते नाव कुणीही घेतलेले असू शकते. 'इन'नंतर आणखी टिंब देऊन दुसरेच काही जोडलेले असेल, तर तो पत्ता त्या शेवटच्या नावाचा, बँकेचा नव्हे. एका टिंबाने घर बदलते.

पत्ता लांबवून सोय झाल्याचे उदाहरणही आपल्याच घरचे आहे. संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण खात्यात अधिकारी होते. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्ते लिहिण्याच्या अनेक भाषा, यांत पत्रे भरकटत. वेलणकरांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला. पत्त्यात सहा आकडे वाढले म्हणून कुणी कुरकुरले असेलही, पण पत्र घरी पोचू लागले.

२०१४ पासून 'डॉट भारत' असा देवनागरी पत्ताही मिळतो. अकलोलीचे इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक पाटीवर निराळे. कुणी एक 'ए' जास्त घालतो, कुणी शेवटी दोन 'ई' लावतो. मराठीत ते एकच. आमच्या मालकांना हे सांगितले. त्यांनी कागदाच्या मागे लिहून घेतले.

निघताना पाटीकडे पाहिले. पेंटरने वरचे 'सुस्वागतम्' पुसून टाकले होते आणि मिळालेल्या जागेत 'को' व्यवस्थित बसला होता.