लग्न आधी, ओळख नंतर

आमच्या घरातल्या मुली मोबाईलवर जपानी चित्रकथा वाचतात. त्यांना मांगा म्हणतात. पाने उजवीकडून डावीकडे वाचायची. लहानपणी उर्दू शिकलेल्या माझ्यासारख्याला त्याचे काही वाटले नाही, मुलींना मात्र सवय करावी लागली. या चित्रकथांतला एक प्रकार त्यांना फार आवडतो. जुना काळ, वडीलधाऱ्यांनी ठरवलेले लग्न, त्यात एक दुखावलेला जीव, आणि सोबतीने त्याचे हळूहळू सावरणे. खलनायक जवळजवळ नाहीच.

किरिओका साना यांची 'ताइशो ओतोमे ओतोगिबानाशी' ही त्यातलीच एक. २०१५ ते २०१७ या काळात ती जपानी मासिकातून क्रमशः आली. गोष्ट १९२१ सालातली. तामाहिको हा श्रीमंत घरचा मुलगा. अपघातात त्याची आई जाते, त्याचा उजवा हात निकामी होतो, आणि बाप त्याला डोंगरातल्या एका घरात पाठवून मोकळा होतो. सेवेला म्हणून त्याच्याकडे युझुकी नावाची मुलगी धाडतो, भावी बायको म्हणून. तिच्या घरच्यांवर कर्ज असते. म्हणजे ती विकतच घेतलेली. ती स्वयंपाक करते, गाणे गुणगुणते, त्याच्या अंधाऱ्या खोलीची खिडकी उघडते. पुढे १९२३ चा कांतोचा मोठा भूकंपही या कथेत येतो.

आता विकत आणलेल्या कोवळ्या मुलीची गोष्ट गोड कशी लागते? मला हा प्रश्न सोडवत नव्हता. उत्तर सापडले ते जपानात नाही, पुण्यात.

१८७३ साली महादेव गोविंद रानडे एकतीस वर्षांचे होते. सरकारी न्यायखात्यात होते, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. त्या वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी वारल्या. आता हे विधवेशी लग्न करणार, या धास्तीने वडिलांनी घाईने दुसरे लग्न ठरवले. मुलगी कुर्लेकरांची, देवराष्ट्र्याची, वय अकरा. रानड्यांचे वडिलांपुढे चालले नाही. सुधारक म्हणवणाऱ्याने अकरा वर्षांची मुलगी केली म्हणून लोकांनी टीका केली आणि ती टीका रास्त होती. मुलीला तर कोणी विचारलेच नव्हते.

ती मुलगी म्हणजे रमाबाई. त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिले, ते १९१० साली प्रसिद्ध झाले. मराठी शिकलेल्या प्रत्येकाने एकदा वाचावे असे ते पुस्तक आहे. 'उंच माझा झोका' ही मालिका अनेकांनी पाहिली असेल, पण मालिकेत पार्श्वसंगीत फार. पुस्तकात ते नाही. त्यात पत्नी गमावलेला एक घुमा माणूस आहे आणि अक्षरओळख नसलेली एक पोर. लग्नानंतर लगेचच तो तिला मुळाक्षरे शिकवू लागतो. दोघांमधला पहिला पूल म्हणजे ती पाटी.

ही वाट सरळ नव्हती. बायकोने शिकू नये म्हणून घरातल्या बायका टोमणे मारत, अबोला धरत. दिवसा घरकाम, रात्री अभ्यास. १८८४ साली पुण्यात मुलींच्या हायस्कूलसाठी गव्हर्नरांपुढे रमाबाईंनी इंग्रजीतून भाषण वाचले, तेव्हा घरी कौतुकाऐवजी बोलणीच बसली. नवऱ्याच्या रागाच्या, न बोलण्याच्या रात्रीही पुस्तकात आहेत, त्या झाकलेल्या नाहीत. मला सर्वांत आवडतो तो कलकत्त्याचा प्रसंग. दोघांना बंगाली शिकायचे होते, तर हा विद्वान गृहस्थ दाढी करून घेताना न्हाव्यालाच शब्द विचारत बसला. बायकोला शिकवायचे तर आपणही विद्यार्थी व्हायला हवे, हे त्याला कळत होते.

माझ्या मते या कथांचे सारे रहस्य इथेच आहे. लग्न ठरवले कोणी, हे गौण. ज्याच्या हातात सत्ता आहे तो थांबतो का, समोरच्याला वाढू देतो का, यावर सगळे अवलंबून. जखम औषधाने जितकी भरते तितकीच ती कोणी खरवडत नाही म्हणूनही भरते. तामाहिको युझुकीवर हुकूम गाजवत नाही, म्हणून ती कथा वाचवते.

पण हे नशीब झाले, व्यवस्था नव्हे. त्याच काळात, त्याच अकराव्या वर्षी मुंबईत रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजींशी झाले होते. मोठ्या झाल्यावर त्यांनी सासरी जायला नकार दिला. १८८४ साली नवरा कोर्टात गेला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण १८८७ साली कोर्टाने सांगितले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. त्यांच्या लग्नाची चित्रकथा कोणी काढणार नाही, कारण त्यात गोडवा नाही. मी मात्र मुलींना सांगतो, दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचा.

आमच्यात निकाहाच्या वेळी मुलीला विचारण्याचा रिवाज आहे. वकील आणि साक्षीदार आत जातात, मेहरची रक्कम सांगतात आणि विचारतात, कबूल आहे? कागदावर हे केवढे मोठे! पण मी पाहिलेल्या कित्येक निकाहांत मुलगी डोके झाकून रडत असते, मावशी कोपराने ढोसते आणि हुंदक्यालाच होकार समजतात. रूढीत तर मौनालाही होकार धरले आहे. प्रश्न आहे, उत्तर ऐकायला मात्र कोणी थांबत नाही.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत याच्या उलट रीतही आहे. गोंडांमध्ये मुलाकडे देज द्यायला पैसे नसले तर तो लमसेना होऊन मुलीच्या घरी राहतो, शेतात राबतो, आणि काही वर्षांनी लग्न होते. गरिबीतून आलेली पद्धत आहे, तिला सोन्याने मढवायचे कारण नाही. राबवून घेणारे सासरेही असतातच. पण निदान मुलगी त्याला नांगर धरताना पाहते, थकलेला पाहते, चिडलेला पाहते. ओळख आधी, लग्न नंतर.

आणि चंद्रपुरातच, अचलेश्वर मंदिराजवळ, राजा बीरशाहची समाधी आहे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी राणी हिराईने ती बांधली. बायकोने नवऱ्यासाठी उभारलेले एवढे मोठे स्मारक आपल्याकडे विरळाच. आख्यायिका सांगते, बीरशाह दुसऱ्या लग्नाला निघाला होता आणि वाटेत त्याचा खून झाला. त्यानंतर हिराईने दत्तक घेतलेल्या रामशाहच्या नावाने राज्य सांभाळले. सवत आणायला निघालेल्या नवऱ्यासाठी तिने इतका दगड घडवून घेतला, तो प्रेमाने, रिवाजाने, की रागाने? रमाबाईंनी लिहिले म्हणून त्यांच्या रात्री आपल्याला माहीत आहेत. हिराईच्या हाती दगड होता, पाटी नव्हती.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)