घोडा का अडला?

लहानपणी आजीने घातलेलं कोडं आठवतंय? भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. भाकरीचा अनुभव तुम्हाला असेलच. घोड्याचं उत्तरही तितकंच खरं आहे.

बेंगळुरूहून मंगळुरूच्या रस्त्याला लागलात, की साधारण ७० किलोमीटरवर कुणिगल येतं. टिपू सुलतानाच्या सैन्यासाठी इथे घोडे तयार केले जात, असं सांगतात. पुढे इथल्या स्टड फार्मवर शर्यतीचे घोडे जन्मू लागले. एवढ्या महागड्या जनावरांसाठी शेकडो एकर जमीन नुसती कुरणाला का ठेवायची? कारण घोड्याचे पाय तबेल्यात नाही, कुरणात घडतात. फक्त प्रत्येक वयाची गरज वेगळी असते.

शिंगरू : खेळ हाच व्यायाम

शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभं राहतं. पहिले काही दिवस त्याला आईसोबत छोट्या, सपाट जागेत सोडतात आणि मग मोठ्या कुरणात. ते थोडं उधळतं, दमतं, आडवं होऊन झोपतं, पुन्हा उधळतं. या छोट्या धावांमुळेच हाडं, स्नायूबंध आणि सांध्यांतली कूर्चा बळकट होते. शिंगराला दोरीला धरून गोल गोल पळवलं, तर मात्र कोवळ्या सांध्यांना पीळ बसतो. पाच-सहा महिन्यांनी आईचं दूध तुटतं. तेव्हा त्याला बरोबरीच्या शिंगरांची सोबत हवी. एकटं शिंगरू फारसं खेळत नाही.

तरुण घोडा : घाई नको

दीड-दोन वर्षांचा घोडा दिसायला मोठा वाटतो. पण पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणून पाठीवरचं वजन हळूहळू वाढवायचं आणि उरलेला वेळ त्याला मोकळं सोडायचं.

मोठा घोडा : एक तास पुरत नाही

मोकळा घोडा दिवसातले १२ ते १६ तास चरतो आणि चरता चरता चालत राहतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं. पोट फार वेळ रिकामं राहिलं, तर व्रण होतात. पाऊल टेकलं की खुरातलं रक्त वर ढकललं जातं. नुसतं उभं ठेवलं, की पाय सुजतात. सकाळी तासभर फिरवून दिवसभर कोंडलं, तर ही भरपाई होत नाही. आणि सुट्टीच्या दिवशी भरपूर दाणा देऊन बांधून ठेवलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला जुंपला, तर कधी कधी त्याचे स्नायू आखडतात आणि तो जागच्या जागी थांबतो. कोड्यातला घोडा कदाचित असाच अडला असेल!

म्हातारा घोडा : विश्रांती म्हणजे कोंडणं नव्हे

विशी ओलांडलेल्या घोड्याचे सांधे आखडतात. त्याला बांधून ठेवलं, तर ते आणखी आखडतात. सपाट जमीन, संथ चाल आणि एखादा शांत सोबती एवढं त्याला पुरतं. तरण्या घोड्यांच्या कळपात सोडलं, तर ते त्याला चाऱ्यापासून हुसकतात.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्या घरी घोडा नसेल. पण माथेरानला किंवा महाबळेश्वरला मुलं घोड्यावर बसायचा हट्ट धरतातच. बसवण्याआधी घोडा दोन पावलं चालताना पाहा. तो लंगडत असेल, पाय सुजलेले असतील किंवा पाठीवर जखम असेल, तर दुसरा घोडा निवडा. घोडेवाल्याला आपुलकीने विचारा, "दादा, याचं वय काय? काम संपल्यावर मोकळा सोडता का?" त्याचं घर याच घोड्यावर चालतं. गिऱ्हाईक हे विचारू लागलं, तर घोड्याला मोकळं सोडणं त्यालाही परवडेल.

आणि परतताना मुलांना आजीचं कोडं घाला. उत्तर त्यांना नक्की येईल.