घामाला इंजेक्शन असतं? असतं, पण आधी हे वाचा

डिसेंबरची सकाळ. वर्गात सगळे स्वेटर घालून बसलेत आणि तुमच्या तळहाताखालचं जर्नल मात्र ओलं होतंय. शाई फुटते, पान सुरकुततं. हाताखाली रुमाल ठेवून लिहायची सवय तुम्हाला आठवी-नववीपासून लागलेली. कुणी हात मिळवायला पुढं केला की तुम्ही आधी तो पँटला पुसता. तरी समोरचा म्हणतोच, ‘काहून बे, हात धुऊन आला काय?’

किंवा हात कोरडे असतात, पण काखेत घामाचं भलंमोठं वर्तुळ. मग निळा शर्ट बाद, राखाडी कुर्ता बाद. कपाटात फक्त काळं नाहीतर पांढरं. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करायचा नाही, कारण हात वर केला की काख दिसते.

यातलं काहीही ओळखीचं वाटलं, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. या त्रासाला नाव आहे, ‘हायपरहायड्रोसिस’, म्हणजे अतिघाम. आणि त्यावर उपचार आहेत. त्यातल्याच एका इंजेक्शनचं नाव तुम्ही सिनेमातल्या चेहऱ्यांच्या संदर्भात नक्की ऐकलंय. बोटॉक्स!

ऊन की आजार?

तुम्ही म्हणाल, वाशीममध्ये मे महिन्यात कुणाला घाम येत नाही? बरोबर. तो यायलाच हवा, त्यानंच शरीर थंड राहतं. आपल्या अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात आणि त्यांचं कामच ते आहे. प्रश्न येतो तो ऊन नसताना, धावपळ नसताना, पंख्याखाली बसूनही हात निथळत राहतात तेव्हा.

डॉक्टर हे कसं ओळखतात? उघड कारण नसताना सहा महिने एखाद्या ठिकाणी जास्त घाम येतोय का, हे आधी बघतात. मग पुढच्यापैकी किमान दोन गोष्टी जुळतात का ते विचारतात. घाम दोन्ही बाजूंना सारखाच येतो का? आठवड्यातून एकदा तरी असं होतं का? रोजच्या कामात अडचण येते का? पंचविशीच्या आत सुरू झालं का? घरात आणखी कुणाला आहे का? आणि झोपेत घाम थांबतो का?

शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण महत्त्वाचा आहे. रात्री झोपेत अंथरूण भिजत असेल, वजन उतरत असेल, ताप येत असेल, छातीत धडधडत असेल किंवा घाम एकाच बाजूला येत असेल, तर गोष्ट वेगळी. टीबी, थायरॉइड, साखर कमी होणं, एखाद्या औषधाचा परिणाम, असं काहीही मागं असू शकतं. तेव्हा इंजेक्शनचा विचार बाजूला ठेवा, आधी फिजिशियनला दाखवा.

आणि हो, तुम्ही एकटे नाही. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शंभरातल्या जवळपास तिघांना अतिघामाचा त्रास असल्याचं दिसलं होतं. ‘अस्वच्छ राहतो म्हणून घाम येतो’ हे तर साफ चूक. दिवसातून तीनदा आंघोळ केली तरी हा घाम थांबत नाही.

विषाचं औषध कसं झालं?

गोष्ट सुरू होते दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत. खराब झालेले सॉसेज खाऊन लोक मरत होते. युस्टिनस केर्नर या डॉक्टरनं १८२० च्या दशकात त्या रुग्णांचा बारकाईनं अभ्यास केला. हा माणूस कवीही होता बरं! त्याच्या लक्षात आलं की या विषबाधेत स्नायू लुळे पडतात, तोंड सुकतं, कातडी कोरडी होते. अगदी थोड्या मात्रेत हेच विष औषध म्हणून वापरता येईल, असंही त्यानं तेव्हाच सुचवलं. सॉसेजला लॅटिनमध्ये ‘बोट्युलस’ म्हणतात. त्यावरून ‘बोट्युलिनम’ हे नाव आलं.

औषध प्रत्यक्षात यायला मात्र दीडशेहून जास्त वर्षं गेली. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. पुढं १९९४ मध्ये बुशारा आणि पार्क या डॉक्टरांनी नोंदवलं की चेहऱ्याच्या आकडीसाठी हे इंजेक्शन घेतलेल्या रुग्णांना त्या जागी घामच येत नाही. दहा वर्षांनी, २००४ मध्ये, काखेतल्या तीव्र अतिघामासाठी बोटॉक्सला अमेरिकेची मान्यता मिळाली.

आत नेमकं काय होतं? घामाच्या ग्रंथीला ‘सुरू हो’ हा निरोप नसेकडून येतो. तो निरोप नेणारं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. बोट्युलिनम हे रसायन नसेच्या टोकातून बाहेरच पडू देत नाही. पोस्टमन पोस्टातच अडकला, पत्र पोचलं नाही, ग्रंथी गप्प बसली. ग्रंथी मरत नाही. काही महिन्यांनी नस पुन्हा कामाला लागते आणि घामही परत येतो.

काखेत कसं देतात?

आधी एक चाचणी होते, ती तुम्ही शाळेत अर्धी केलेलीच आहे. बटाट्यावर आयोडीन टाकलं की काळंनिळं होतं, आठवतंय? इथं काखेला आयोडीन लावून वर स्टार्चची पूड भुरभुरतात. जिथं घाम येतो तिथं रंग काळानिळा होतो. तोच नकाशा धरून सुई चालते.

काखेसाठी बोटॉक्सची नेहमीची मात्रा प्रत्येक बाजूला ५० युनिट. ती एका जागी नाही, तर दहा-पंधरा ठिकाणी, एक-दोन सेंटिमीटर अंतरावर, अगदी वरवर टोचून देतात. भरती व्हावं लागत नाही. फरक काही दिवसांत जाणवायला लागतो आणि दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो. तो सहसा चार महिने ते वर्षभर टिकतो, बऱ्याच जणांना सहा-सात महिने.

‘मग आतला घाम जाईल कुठं? उष्माघात होईल का?’ काखेतल्या ग्रंथी एकूण ग्रंथींच्या अगदी थोड्या असतात. तेवढ्या बंद झाल्यानं शरीराचं थंड होणं थांबत नाही. टोचल्या जागी दुखणं, काळंनिळं पडणं, काहींना दुसरीकडे थोडा जास्त घाम, हे होऊ शकतं. क्वचित औषधाचा परिणाम पसरून गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतो. तसं झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या महिलांना हे इंजेक्शन देत नाहीत. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असलेल्यांनाही नाही.

तळहाताचं गणित वेगळं

इथं पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी नीट वाचा. तळहातावरही हे इंजेक्शन देतात, पण २००४ ची ती मान्यता फक्त काखेसाठी आहे. तळहाताला जास्त टोचे लागतात, ते बरेच दुखतात आणि मुख्य म्हणजे बोटांची पकड काही काळ कमजोर होऊ शकते. ती परत येते, पण लगेच नाही.

५० गुणांच्या मैदानी चाचणीत १५ गुण गोळाफेकीचे. ओल्या हातातून ७.२६ किलोचा गोळा निसटू नये म्हणून इंजेक्शन घ्यायचं आणि चाचणीच्या दिवशी बोटांतच जोर नाही! टायपिंगची परीक्षा असेल तरी तेच. त्यामुळं तारीख जवळ असेल तर डॉक्टरांना ती आधी सांगा.

सुईच्या आधीच्या पायऱ्या

इंजेक्शन ही पहिली पायरी नाहीच. सुरुवात होते ॲल्युमिनियम क्लोराइडच्या औषधापासून. रात्री पूर्ण कोरड्या त्वचेवर लावायचं, सकाळी धुवायचं. ओल्या किंवा नुकतंच शेव्हिंग केलेल्या त्वचेवर लावलं तर आग होते, आणि ‘मला सूट होत नाही’ म्हणत अनेक जण तिथंच सोडतात.

तळहात-तळपायांसाठी आयन्टोफोरेसिस आहे. साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवून सौम्य वीजप्रवाह सोडतात. एकावेळी वीस मिनिटांच्या आसपास, सुरुवातीला आठवड्यातून काही वेळा, नंतर कमी. हे यंत्रावर, डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीनंच करायचं. घरी वायरी जोडून प्रयोग नको.

गोळ्याही आहेत, पण त्या सगळ्या अंगाचा घाम कमी करतात. तोंड सुकतं. आणि आपल्याकडच्या उन्हात १६०० मीटर धावणाऱ्याचा घामच आटला तर तो खरंच उष्माघाताला बोलावणं. डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून आणून घेऊच नका. नस कापायची शस्त्रक्रिया सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर पाठ आणि पोटावर आयुष्यभर जास्त घाम येत राहू शकतो.

जायचं कुठं?

पार्लरमध्ये नाही. ‘स्वस्तात बोटॉक्स’च्या रीलवरून तर मुळीच नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. वाशीमला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अकोल्याचं शासकीय महाविद्यालय रेल्वेनं गाठता येतं, कारंजाकडच्यांना अमरावतीही सोयीचं. सरकारी ठिकाणी इंजेक्शन मिळेलच असं धरून चालू नका. पण आजार ओळखणं आणि पहिल्या पायऱ्या तिथं सुरू होऊ शकतात, आणि पुष्कळांना तेवढंच पुरतं.

खासगीत इंजेक्शन घ्यायचं ठरलंच, तर खर्च हजारांत जातो आणि तो पुन्हा पुन्हा येतो. म्हणून पैसे भरण्याआधी हे विचारा:

- तुमचा नोंदणी क्रमांक आणि त्वचारोगाची पदवी कोणती?
- औषध कोणत्या कंपनीचं, किती युनिट? एका कंपनीचं युनिट दुसरीच्या बरोबरीचं नसतं.
- कुपी फ्रिजमध्ये ठेवलेली होती का? माझ्यासमोर उघडाल का?
- सगळे मिळून किती पैसे, आणि परिणाम ओसरल्यावर पुढं काय?

घरी सांगायचं कसं, हा खरा अवघड पेपर. ‘घामासाठी कुणी डॉक्टरकडं जातं का?’ हे ऐकावं लागेलच. तेव्हा वाद घालू नका. ओलं झालेलं जर्नल समोर ठेवा आणि सांगा, परीक्षेत पानं अशी भिजतात. आणि एकदा विचारूनही बघा, ‘बाबा, तुमचेही हात असेच ओले व्हायचे का?’ हा त्रास बऱ्याचदा घराण्यातून येतो. कदाचित त्यांनीही तो वीस-तीस वर्षं खिशातल्या रुमालात लपवला असेल.